आयडॉलचा सल्ला: "शाळेत जाऊ नकोस" एवढ्यावर थांबावं का?

अबोली
जपानी आयडॉल, म्हणजे नाचगाण्यातले तरुण कलाकार, चाहत्यांच्या रोजच्या अडचणींवर सल्ले देतात, त्यावर "नाचगाण्यावाल्यांनी मुलांना शहाणपण शिकवू नये" असा सूर हल्ली वरचेवर ऐकू येतो. मला तो पटत नाही.

तिकडे रेडिओवर हे सदर मुरलेलं आहे. टोकियो एफएमचा 'स्कूल ऑफ लॉक!' २००५ पासून चालू आहे आणि त्याची मांडणीच शाळेची आहे: निवेदक मुख्याध्यापक, श्रोते विद्यार्थी, गायक आणि आयडॉल येऊन आपापला तास घेणार. मुलं काय विचारतात? लाइन या मेसेजिंग अॅपवरच्या ग्रुपमधून काढलं, क्लबातल्या वरच्या इयत्तेच्या मुली बोलत नाहीत, परीक्षेआधी झोप येत नाही, वजन वाढतंय. घरी जे बोलता येत नाही तेच.

गायिका नाकागावा शोकोचं उदाहरण घ्या. शाळेत आपला छळ झाला, बूट गायब केले गेले, शिक्षकांनी नवे बूट दिले आणि नंतर त्यांचेही पैसे मागितले, हे तिने जाहीरपणे सांगितलं आहे. २०१९ मध्ये तिने या विषयावर पुस्तक लिहिलं. तिच्या सांगण्याचा गाभा असा: दोष तुझा नाही, जिवावर उदार होऊन शाळेत जायची गरज नाही, आवडीची एखादी गोष्ट घट्ट धर आणि आजचा दिवस काढ.

याची गरज किती आहे ते सरकारी आकड्यांतच दिसतं. २०१५ च्या श्वेतपत्रिकेत १९७२ ते २०१३ या काळातल्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आत्महत्या तारखेनुसार मांडल्या होत्या. सर्वाधिक, १३१, एकाच तारखेला: १ सप्टेंबर. उन्हाळी सुट्टी संपून शाळा उघडते तो दिवस. ३१ ऑगस्टच्या रात्री त्या मुलापर्यंत कोणाचा आवाज पोचतो? मुख्याध्यापकांच्या परिपत्रकाचा नक्कीच नाही.

---

खडूफळा
अबोली, आवाज पोचतो हे मान्य. पण त्या आवाजात काय असतं आणि तो कुठून येतो, हे बघायला नको का?

रेडिओवरची पत्रं आयडॉल निवडत नाही. कार्यक्रमाचा लेखक आणि दिग्दर्शक निवडतात, आणि दोन-तीन मिनिटांत गुंडाळता येईल, शेवट हसरा होईल असं पत्र वर येतं. बरेच कार्यक्रम दोन-दोन भाग एकदम ध्वनिमुद्रित करतात. म्हणजे आज रात्री पाठवलेलं पत्र वाचलं गेलंच, तर ते काही आठवड्यांनी. ३१ ऑगस्टच्या मुलाला त्याचा काय उपयोग?

संदेशाच्या अॅपचं तर विचारूच नका. नोगिझाका४६ वगैरे साकामिची आयडॉल गटांच्या अॅपवर दर सदस्यामागे महिन्याला वर्गणी भरावी लागते. संदेश येतो तो जणू फक्त तुम्हालाच लिहिल्यासारखा, तुमच्या टोपणनावासकट. प्रत्यक्षात ती एकच मजकूर सगळ्यांना पाठवते. मजकुरात एक ठरावीक खूण टाकली की तिथे ज्याचं त्याचं टोपणनाव आपोआप बसतं. "आज शाळेत गेलीस ना? शाबास" हे हजारो फोनवर एकाच क्षणी उमटतं. चौदा वर्षांच्या मुलीला हे कळत नाही असं मी म्हणत नाही. पण रात्री एक वाजता, एकटी असताना, कळलेलं टिकत नाही.

आयडॉलशी हस्तांदोलनाच्या कार्यक्रमात एका तिकिटाला जेमतेम काही सेकंद, आणि वेळ संपली की खांद्याला धरून पुढे सरकवायला माणूस उभा. २०२० पासून हेच पडद्यावर आलं, तिथे तर घड्याळच जोडणी तोडतं. एवढ्यात "मला शाळेत त्रास होतोय" हे वाक्य पुरं होतं आणि उत्तर येतं: "गांबात्ते". म्हणजे नेट लाव. जो आधीच नेट लावून थकलाय त्याला हे सांगायचं!

---

निशाचर
खडूफळा यांना +१. आणि प्रेमाच्या सल्ल्यांचं काय? ज्यांच्या करारातच प्रेमाला बंदी, त्या काय सांगणार? २०१३ मध्ये एकेबी४८ या आयडॉल गटातल्या मिनेगिशी मिनामीने एका साप्ताहिकातल्या बातमीनंतर डोकं भादरून कॅमेऱ्यासमोर माफी मागितली. २०१५ च्या सप्टेंबरात टोकियोच्या न्यायालयाने प्रेमबंदीचा करार मोडला म्हणून १७ वर्षांच्या माजी आयडॉलला सुमारे साडेसहा लाख येन भरायला लावले. २०१६ च्या जानेवारीत दुसऱ्या एका खटल्यात उलट निकाल लागला, प्रेम करणं हा माणसाचा हक्क आहे या बाजूने. ज्यांना स्वतःचं खरं बोलता येत नाही त्यांचं उत्तर गुळमुळीतच असणार.

---

ओशीवाली
निशाचर, प्रेमाबद्दल बरोबर. बाकीच्याला मात्र तीच फूटपट्टी लावू नका.

पत्र लिहिणाऱ्या मुलांकडून मूळ चूक कुठे होते ते सांगते. "मी खूप दुःखी आहे, काय करू?" अशा पत्राला "गांबात्ते" शिवाय उत्तरच नसतं. नेमकं लिहिलेल्या पत्राला नेमकं उत्तर मिळतं. इयत्ता, कधीपासून चाललंय, कोण कोण आहे, आतापर्यंत काय करून पाहिलं, आणि सल्ला हवाय की नुसतं ऐकून घ्यायला हवंय, एवढ्या पाच गोष्टी आठ-दहा ओळींत बसतात. शाळेचं आणि मुलांचं नाव घालायचं नाही, नाहीतर पत्र बाजूला पडतं. सेकंदांच्या भेटीत प्रश्नच विचारायचा नाही. "तुझं अमुक बोलणं ऐकून मी वर्गशिक्षिकेशी बोलले" असं झालेलं सांगायचं. मग उत्तरही "पुढे काय झालं?" असं येतं.

असं पाच मुद्द्यांत मांडता मांडता मुलगी आपली अडचण पहिल्यांदा शब्दांत आणते, हे मला पत्र वाचलं जाण्याहून मोठं वाटतं. तोच कागद उद्या समुपदेशकापुढे ठेवता येतो.

---

खडूफळा
ओशीवाली, पत्राबद्दल पटलं. आता वजनाचे सल्ले बघा. "संध्याकाळी सहानंतर काही खायचं नाही", "भाताऐवजी कोन्याकू" (कंदाची जेलीसारखी वडी), हे मुलाखतींत सर्रास येतं. १२ ते १४ वर्षांच्या, बेताची हालचाल असणाऱ्या मुलीला जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या मानकानुसार दिवसाला साधारण २४०० किलोकॅलरी लागतात. वाढीचं वय आहे, प्रौढ बाईपेक्षा जास्तच लागणार. रात्रीचं जेवण उडवलं की त्यातल्या सातआठशे गेल्या, आणि कोन्याकूत कॅलरी जवळजवळ नसतातच. आधी थकवा येतो, मग वर्गात लक्ष लागत नाही, मग पाळी लांबते. तीन महिने पाळी आली नाही तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यायचं, वाट बघायची नाही, कारण याच वयात हाडं भरत असतात. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत विशीतल्या जपानी बायकांपैकी २०.७ टक्के कमी वजनाच्या निघाल्या. या विषयावर आयडॉलने बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

कायद्याचं_बोला
चर्चा वजनाकडे वळली, पण शीर्षकातला प्रश्न शाळेचा आहे आणि तिथेच घोडं अडतं. "शाळेत जाऊ नकोस" हा सल्ला माध्यमिकपर्यंत एक आणि उच्च माध्यमिकला अगदी दुसरा. आयडॉल हा फरक सांगत नाहीत.

प्राथमिकची सहा आणि माध्यमिकची तीन, ही नऊ वर्षं सक्तीची. पण ती सक्ती पालकांवर आहे, मुलावर नाही. गैरहजेरीमुळे वर्ष सहसा वाया जात नाही, माध्यमिकचा दाखला मिळतो. २०१६ च्या डिसेंबरात झालेल्या शिक्षण-संधी कायद्याने मुलाला विश्रांतीची गरज असू शकते हे मान्य केलं. २०१९ च्या ऑक्टोबरात शिक्षण मंत्रालयाने कळवलं की शाळेत परत आणणं हेच एकमेव ध्येय धरू नका. म्हणजे नाकागावा जे सांगते त्याला कायद्याचा आधार आहे. मधले मार्गही आहेत. शाळेच्या आरोग्य-खोलीत बसणं बहुतेक ठिकाणी हजेरीत धरतात. पालिकेच्या शिक्षण-साहाय्य केंद्रात किंवा घरून ऑनलाइन शिकलेलं मुख्याध्यापकांच्या संमतीने हजेरीत धरता येतं. आपोआप नाही, मागावं लागतं. इथेच बरेच पालक कमी पडतात.

उच्च माध्यमिकला मात्र खेळ बदलतो. तिथे श्रेयांक मिळवावे लागतात, शाळा पूर्ण करायला ७४. एखाद्या विषयाचे साधारण एक तृतीयांश तास बुडले की बहुतेक शाळांत त्या विषयाचे श्रेयांक जातात. आठवड्याला दोनच तास असलेला विषय सगळ्यात आधी हातचा जातो, कारण तिथे मोजके तास बुडले तरी मर्यादा गाठली जाते. म्हणून या वयात "घरी थांब" म्हणण्याआधी विषयवार बुडलेले तास वर्गशिक्षकांकडून लिहून घ्यायचे. आकडा मर्यादेजवळ आला असेल तर नाव काढण्याआधी पत्रद्वारा चालणाऱ्या शाळेची चौकशी करायची. मिळवलेले श्रेयांक सहसा तिकडे नेता येतात. आधी नाव काढून मग शोधाशोध केली की मुलगा मधल्या काळात कुठल्याच शाळेचा राहत नाही.

टोकियोतल्या निशि-कासाईसारख्या भागातल्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट. शिक्षणाची सक्ती परदेशी नागरिकत्वाच्या पालकांना लागू नाही. मागितलं तर सरकारी शाळेत फुकट प्रवेश मिळतो, पण मूल बरेच दिवस आलं नाही तर शाळा सोडल्याचा अर्ज पुढे केला जाऊ शकतो. तो घाईने भरू नका. "मूल आजारी आहे, नाव राहू द्या" हे लेखी द्या.

---

अबोली
हे सगळं आयडॉलने तीन मिनिटांत सांगावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. तिचं काम एवढंच की मुलाने आज रात्री स्वतःला दोष देणं थांबवावं. श्रेयांकांचा हिशेब मोठ्यांनी करावा. आपण मोठ्यांची जबाबदारी पंचविशीतल्या एका गायिकेच्या गळ्यात घालतोय.

---

रानजाई
अबोली, तीन मिनिटांत काय सांगता येतं याचा उत्तम नमुना आहे. २०१५ च्या २६ ऑगस्टला कामाकुरा शहराच्या वाचनालयाने ट्विट केलं: शाळा सुरू होणं जिवावर येत असेल तर शाळा बुडवा आणि वाचनालयात या. कॉमिक्स आहेत, हलक्याफुलक्या कादंबऱ्या आहेत, दिवसभर बसलात तरी कोणी काही म्हणणार नाही. ते ट्विट जपानभर पसरलं. त्यात धीरही होता आणि जागाही होती. किती वेळ बसता येईल, तिथे काय मिळेल, कोणी हटकेल का, सगळं दोन-चार वाक्यांत. आयडॉलच्या सल्ल्यात मला नेमकी ही जागा सापडत नाही. "पळ" म्हटलं, पण कुठे?

---

ओशीवाली
रानजाई, ही तुलना रास्त आहे. लाइन ग्रुपच्या बाबतीतही तसंच ठोस सांगता येतं. "असल्या मैत्रिणी नकोतच" हा नेहमीचा सल्ला ऐकून मुलगी रागाने ग्रुप सोडते, फोनमधली चर्चाही त्याबरोबर जाते आणि पुरावा संपतो. क्रम उलटा हवा. आधी तारीख, वेळ आणि नावं दिसतील असे स्क्रीनशॉट. ते घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवायचे. एका वहीत कधी, कुठे, कोण, काय हे चार रकाने. मग ग्रुपची सूचना बंद, आणि सोडायचं ते शेवटी.

---

कायद्याचं_बोला
आणि ती वही कामाला येते. २०१३ च्या छळ-प्रतिबंध कायद्यात इंटरनेटवरचा छळही धरला आहे, आणि मापदंड आहे तो सोसणाऱ्या मुलाला झालेला त्रास. "आम्ही गंमत करत होतो" हे उत्तर चालत नाही. शिक्षकाला एकट्याने मिटवता येत नाही, शाळेतल्या छळ-प्रतिबंध समितीला कळवावंच लागतं. छळामुळे मूल साधारण ३० दिवस गैरहजर आहे असा संशय असेल तर ती गंभीर घटना ठरते आणि चौकशी बंधनकारक होते. म्हणून गैरहजेरीच्या चिठ्ठीत "पोट दुखतं" लिहू नका. कारण खरं लिहा. चिठ्ठ्यांवर सगळं पोटदुखीच असेल तर पुढे संबंध जोडायला जड जातं.

---

खडूफळा
माझी मागणी यावरून सोपी होते. आयडॉलने शाळेबद्दल, जगण्याबद्दल बोलायचं असेल तर सदराच्या शेवटी मदतीचा क्रमांक तिने स्वतः, स्वतःच्या आवाजात सांगावा. निवेदकाने कोरड्या सुरात वाचलेला नको. मंत्रालयाचा चोवीस तासांचा ०१२०-०-७८३१० आहे. चाइल्डलाइनचा ०१२०-९९-७७७७, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, दुपारी ४ ते रात्री ९. रात्री उशिराच्या कार्यक्रमात दुसरा सांगून उपयोग नाही, तेव्हा तो बंद झालेला असतो.

---

अबोली
इथे मी अडून राहीन. प्रत्येक उत्तराच्या शेवटी क्रमांक आला की मुलं समजतात, ही आता आपल्याला दुसरीकडे ढकलतेय. ज्या घडीला पहिल्यांदा कोणीतरी ऐकतंय असं वाटतं, त्याच घडीला दार लावल्यासारखं होतं. क्रमांक कार्यक्रमाच्या पानावर असावा, सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात रोज सांगावा. पण गणिताचा पेपर अवघड गेला म्हणणाऱ्या मुलीला हेल्पलाइन सांगू नये.

---

खडूफळा
गणिताच्या पेपरला नकोच. पण पेपरचं पत्र आणि जिवावरचं पत्र बाहेरून सारखंच दिसू शकतं. "झोप येत नाही" या तीन शब्दांमागे काय आहे ते स्टुडिओत बसून कळत नाही. मी क्रमांकाच्या बाजूनेच.

---

रानजाई
इकडून क्लिप बघणाऱ्या मुलांसाठी: ०१२० चे क्रमांक जपानबाहेरून लागत नाहीत, आणि क्लिपखालच्या मजकुरात तेच दिलेले असतात. भारतात टेली-मानस १४४१६ चोवीस तास चालतं, तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे.