अनुभव धागा : लिबरल आर्ट्स विद्यापीठात पत्रकारिता शिकताना

शाळा संपवून आलेली मुलं हमखास विचारतात, की पत्रकारितेचा थेट डिप्लोमा करू की लिबरल आर्ट्समध्ये, म्हणजे अनेक विद्याशाखा एकत्र शिकवणाऱ्या पदवीत, तीन-चार वर्षं घालवू? माझ्या एकटीचं उत्तर एकांगी होईल, म्हणून हा धागा. माहितीपत्रकातली वाक्यं नकोत. वर्गात शिकलेलं काय पुढे बातमीत उपयोगी पडलं ते लिहा, नसेल पडलं तर तेही. संस्थांची नावं टाळू या.

आकडेमोड
आमच्याकडे एक गणिती विषय सक्तीचा होता. मी संख्याशास्त्र घेतलं ते निव्वळ नाइलाजानं. आज संपादकीय डेस्कवर आकडे असलेली जवळपास प्रत्येक कॉपी (बातमीचा मजकूर) माझ्याकडे सरकवली जाते. बेरोजगारी ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेली की 'दोन टक्क्यांनी वाढ' असं सर्रास लिहितात. वाढ दोन टक्केबिंदूंची असते. टक्क्यांतच सांगायची तर ५० टक्के. तसंच जनमत पाहण्यांचं. नीट निवडलेल्या हजार जणांच्या पाहणीतही तीनेक टक्के इकडे-तिकडे होतात, मग ४४ विरुद्ध ४३ ला 'आघाडी' कसं म्हणायचं?

आमच्या बाई दर आठवड्याला एखादं प्रसिद्धिपत्रक आणत आणि विचारत, यात काय सांगितलेलं नाही? किती जणांना विचारलं, नेमका प्रश्न काय होता, पाहणीचा खर्च कुणी केला? पत्रकारितेच्या तासाला 'प्रश्न विचारा' असं ऐकलं होतं. कोणते विचारायचे, ते इथे कळलं.

खोडरबर
वरचं सगळं मान्य, पण दुसरी बाजूही येऊ दे. इंटर्नशिपला माझ्यासोबत डिप्लोमावाली मुलं होती. ती कार्यक्रम संपायच्या आत बातमी पाठवत, बाईट (बोलण्याचा ध्वनिचित्रित तुकडा) कापून देत. मी मात्र पहिल्या परिच्छेदात पार्श्वभूमी रचत बसायचो. दोष सवयीचा होता: निबंधात मुद्दा हळूहळू उलगडला तर गुण मिळतात, बातमीत तो पहिल्या वाक्यात लागतो. उलटा पिरॅमिड आम्हाला एका व्याख्यानात उरकला होता. जागा कमी पडली की मजकूर खालून कापला जातो, म्हणून महत्त्वाचं वर. एवढी साधी गोष्ट, पण हाताला वळण लागायला रोज लिहावं लागतं, आणि रोज लिहायला लावणारा विषयच नव्हता.

बातमीदारी मी शिकलो ती कॅम्पसच्या वृत्तपत्रात. शुल्कवाढीची बातमी केली तेव्हा विद्यापीठाच्या कार्यालयातून 'भाषा जरा सौम्य करा' असा निरोप आला. छपाईचे पैसे तेच देत होते! वृत्तपत्रस्वातंत्र्यावरची कितीतरी टिपणं काढली असतील, पण हा धडा त्यात नव्हता.

मधला बाक
माझं मायनर (दुय्यम विषय) मानवशास्त्र. दोन विषयांची खरी टक्कर तिथे पाहिली. मानवशास्त्रात माणसांची, गावांची नावं बदलणं ही काळजी समजली जाते. पत्रकारितेत नाव बदलायचं तर वाचकाला तसं सांगावं लागतं. एकाच वस्तीतल्या मुलाखती मी दोन्ही विषयांसाठी वापरल्या. एका सरांनी नावं आहेत म्हणून गुण कापले, दुसऱ्यांनी नाहीत म्हणून!

नीतिशास्त्राच्या तासाला जॅनेट कुक प्रकरण होतं. अमेरिकेतल्या 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये १९८० साली हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची, या कुकबाईंनी लिहिलेली कहाणी छापून आली, १९८१ मध्ये त्या कहाणीला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि मुलगा काल्पनिक निघाल्यावर ते परत केलं गेलं. आम्ही कुकपेक्षा संपादकांवर जास्त भांडलो. सूत्राचं नाव वाचकाला नको, हे ठीक. पण निदान एका संपादकाला तरी ते माहीत असायला नको का? वर्गात मतं दुभंगली. मी अजून 'हवंच' या बाजूला आहे.

जुनी फाइल
हा वाद नवा नाही. ज्याच्या नावानं ते पारितोषिक आहे त्या जोसेफ पुलित्झर या अमेरिकी वृत्तपत्रमालकानं १९०४ मध्ये पत्रकारितेच्या महाविद्यालयाची बाजू मांडणारा लेख लिहिला. त्यात कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय पत्रकारानं शिकावेत असा आग्रह होता. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठात मात्र १९०८ साली पत्रकारितेचं स्कूल सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र निघालं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं, पुलित्झरच्या देणगीतून उभं राहिलेलं स्कूल १९१२ चं. आकडेमोड आणि खोडरबर यांचं भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे, एवढंच.

नवा बातमीदार
कायद्याचा एक तरी विषय घ्याच. संशयित, आरोपी, दोषी यांत गल्लत करणारी कॉपी रोज दिसते.

धागाकर्ती
@खोडरबर, मग प्रवेश घेणाऱ्यांनी नेमकं काय विचारावं?

खोडरबर
दोनच गोष्टी. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा संपादक कोण नेमतं? आणि पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर बातमीला पाठवतात का? दुसऱ्याचं उत्तर 'तिसऱ्या वर्षी' असं आलं, तर आधीची दोन वर्षं स्वतःच बाहेर पडायची तयारी ठेवा.