साडेचार वर्षांच्या मुलीला आत्तापासून कॉम्प्युटर शिकवायचा का?

रानजाई:
नमस्कार मंडळी, पंधरा दिवस झाले डोक्यात भुंगा लागलाय म्हणून इथे विचारतेय. आम्ही चिंचवडला राहतो, लेक साडेचार वर्षांची, छोट्या गटात आहे. सोसायटीच्या गेटवर एका क्लासची बाई पत्रकं वाटत होती, ४ ते ७ वयाच्या मुलांसाठी कॉम्प्युटर आणि कोडिंग, आठवड्यातून दोनदा, आणि आमच्या मजल्यावरच्या दोन मुलांची नावं घातलीसुद्धा. नवरा आयटीत आहे, घरूनच काम करतो, तो म्हणतो काही घाई नाही. सासूबाई म्हणतात आत्ता बसवलं तर पुढे सोपं जाईल. मला मधल्यामधे काही सुचत नाही. लेकीला ओढ आहे हे खरं, बाबाचा लॅपटॉप उघडा दिसला की स्पेसबार दाबून बघते, काहीतरी हललं की टाळ्या वाजवते. पण मोबाइलचं काय झालं ते मी बघितलंय, जेवताना गाणी लावायची सवय मीच लावली आणि आता त्याशिवाय घास तोंडात जात नाही, म्हणून भीती वाटते की हेही तसंच होईल. आणि नाही शिकवलं तर बाकीची मुलं पुढे जातील आणि ही मागे राहील, ही भीती वेगळीच. कुणी लहान मुलांना शिकवलं असेल तर प्लीज खरं खरं सांगा.

फळाखडू:
ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, रायगड जिल्ह्यात, पहिली-दुसरी माझ्याकडे. थोडं लांबेल पण सांगतो.

आमच्याच जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाची वाडी आहे, तिथल्या छोट्या शाळेत २००७ साली प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिले होते, ते हिरवे-पांढरे, कानासारख्या दोन अँटेना असलेले, जगभर चाललेल्या मोठ्या योजनेतले भारतातले पहिले. आणि त्याआधी १९९९ मध्ये सुगता मित्रा नावाच्या शिक्षण-संशोधकांनी दिल्लीला कालकाजीत झोपडपट्टीच्या बाजूच्या भिंतीला भोक पाडून कॉम्प्युटर बसवला, कुणी शिकवायला नाही, तरी पोरं आपली आपण चालवायला लागली. हे ऐकलं की लोक म्हणतात बघा, नुसता कॉम्प्युटर दिला की झालं. पण त्यातली खरी गोष्ट मला वेगळी वाटते, तिथे पोरं घोळक्याने उभी होती, एक चालवतो आणि चार जण ओरडून सांगतात, आणि ती शाळकरी वयाची होती, साडेचारची नव्हती.

माझ्या वर्गाचं सांगतो. आमच्याकडे दोन कॉम्प्युटर आले, मी तिघातिघांना एका माउसवर बसवतो आणि चित्रं काढायचं पेंट उघडून देतो. एक मुलगा पहिलीत आला तेव्हा पाटीवर रेघ सुद्धा मारत नव्हता, हात आखडून बसायचा, चुकलं की पुसता येत नाही अशी धास्ती असावी. पेंटमध्ये त्याने बैल काढला, पाय पाच झाले, शेजारची म्हणाली अरे एक पुस की, त्याने पुसला, परत काढला, परत पुसला. चार दिवसांनी तोच बैल पाटीवर आला, चार पायांचा. कॉम्प्युटरने हे केलं असं मी नाही म्हणणार, शेजारी बसलेल्या पोरीने जास्त केलं. एकट्याला कानाला हेडफोन लावून बसवला असता तर त्याने बैल काढला असता की नाही मला शंका आहे.

म्हणून क्लासला जाऊन विचारा, एका मशीनवर एकच मूल बसतं का, आणि ते मूल तासभर बोलतं किती. गप्प बसवत असतील तर मुळीच घालू नका.

काजळरेघ:
मी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते, रोज लहान मुलं बघते म्हणून माझा मुद्दा तेवढाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, २ ते ४ वयाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी तर आणखी चांगलं. आपल्या भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २ ते ५ ला साधारण तेवढंच सांगितलंय. आणि त्या तासात जेवतानाची गाणी पण मोजायची बरं का, ती वेगळी नसतात.

पण नुसते तास मोजून भागत नाही. मोबाइल मुलं नाकाशी धरतात, वीतभर अंतरावर, घरातला मोठा मॉनिटर हातभर लांब असतो, त्यामुळे दाखवायचंच असेल तर मोबाइलपेक्षा टेबलावरचा कॉम्प्युटर कधीही बरा. दुसरं म्हणजे ऊन. उघड्यावर भर उजेडात खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबर, म्हणजे लांबचं नीट न दिसणं, लागायचं प्रमाण कमी असतं, तैवानमध्ये तर २०१० पासून शाळेच्या मुलांना रोज दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रमच सुरू केला. गेल्या आठवड्यात एक सहा वर्षांचा मुलगा आला, आई म्हणाली फळ्यावरचं उतरवत नाही, आळशीपणा करतो. मायनस अडीच निघाला. चष्म्याची ट्रायल फ्रेम लावली तर तो समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतच राहिला आणि म्हणाला तिथे आकडे आहेत. त्या आईचे डोळे भरून आले. ताई, संध्याकाळचा क्लास खेळायच्या वेळेवर येत असेल तर मी नाहीच म्हणेन.

टर्मिनल_२२:
मी प्रोग्रॅमर, १५ वर्षं झाली, लातूरजवळच्या गावातला. पहिल्यांदा माउस हातात धरला तो बारावीनंतर, एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. माझ्या टीममध्ये असे अर्धे तरी आहेत, त्यामुळे मागे राहील ही भीती मनातून काढून टाका, खरंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सुद्धा कोडिंग सहावीपासून म्हटलंय. चार वर्षांच्या मुलाच्या आईबापाला घाबरवून फी घेणं मला पटत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पण ओढ असेल तर घरीच करा. मी माझ्या मुलाबरोबर पाच वर्षांचा असताना रोबो-रोबो खेळायचो. मी रोबो, तो हुकूम देणार, आणि मी फक्त सांगेल तेवढंच करणार. लाडूच्या डब्यापर्यंत पोचवायचं. पुढे चल म्हणाला की मी चालतच राहायचो, भिंतीला नाक लागेपर्यंत, मग त्याच्या लक्षात आलं की किती पावलं ते सांगावं लागतं. मग डावीकडे वळ, परत तीन पावलं, हात वर, झाकण उघड. एकदा झाकण न उघडताच लाडू घे म्हणाला तर मी डब्यावर हात आपटत उभा राहिलो, हसून हसून लोळला आणि मग स्वतःच म्हणाला, बाबा मी एक स्टेप विसरलो. हेच कोडिंग, अजून काय असतं. सीमोर पेपर्ट वगैरे मंडळींनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा केली, त्यातलं कासव असंच पुढे-मागे-वळ सांगून चालवायचं, आणि मुलांना अडलं तर स्वतः कासव होऊन चालून बघा म्हणायचे. स्क्रीनवरच पाहिजे असेल तर पाच वर्षं झाल्यावर टॅबवर स्क्रॅचज्युनियर हे चित्रांचे ठोकळे जोडून कोडिंग करायचं अ‍ॅप द्या, फुकट आहे, वाचता यायची गरज नाही. जीकॉम्प्री हे शैक्षणिक खेळांचं सॉफ्टवेअर पण चांगलंय, ते तर दोन वर्षांपासूनच्या मुलांसाठी आहे. पण शेजारी बसा.

अंगणातला_आजोबा:
मुली, माझं वय ७१, नात पाच वर्षांची, आईबाप तिचे नोकरीला. दुपारी मी तिला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसतो, वीस मिनिटं, घड्याळ लावून. इंटरनेट बंद. फक्त मराठी टाइप करायचं, अक्षर सगळ्यात मोठं करून. आधी क येतो मग काना दिला की का होतो, हे ती डोळ्यांनी बघते. वहीत काना म्हणजे नुसती रेघ होती, इथे तिला कळलं की रेघ लावली की आवाज बदलतो. पहिला शब्द तिने स्वतः काढला तो काका. घड्याळ वाजलं की बंद, पहिले काही दिवस रडली, मी विरघळलो नाही, आता स्वतःच उतरते आणि झाडांना पाणी घालायला पळते. कॉम्प्युटर वाईट नाही, मूल त्याच्यासमोर एकटं सोडणं वाईट, असं मला वाटतं.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार, सरांचा बैल तर घरात सगळ्यांना वाचून दाखवला. क्लासला जाऊन आले, बाहेर काचेतून बघितलं, आठ मुलं, आठ टॅब, आवाज नाही. नाव घातलं नाही. काजळरेघ ताई, क्लासची वेळ साडेपाचची होती, लेक खाली घसरगुंडीवर असते तीच.

रविवारी नवऱ्याने रोबो केला, दादा, तो सोफ्याला अडकला आणि लेक म्हणाली, आधी उठ, मग वळ, मग चल. आणि आजोबा, तिचं नाव मोठं टाइप केलं, तिला वेलांटी फार आवडली, म्हणाली ही टोपी आहे. प्रिंट काढून दिली तर तासभर जमिनीवर पडून त्यात रंग भरत होती, लॅपटॉप उघडाच होता टेबलावर, तिकडे बघितलं पण नाही.

जेवतानाचा मोबाइल परवापासून बंद केलाय. पहिल्या दिवशी दोन घास खाल्ले, काल अर्धी पोळी. कुणी यातून गेलं असेल तर किती दिवस लागतात ते सांगाल का?