मदत हवी आहे: खडकीची १८८९ची बाप्तिस्म्याची नोंद सापडली, पण आईचं माहेर कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,

नवरा इंग्रज, सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांचे आजोबा हिंदुस्थानात जन्मले, आणि आजोबांचे वडील "पूनाला मेजर होते", एवढीच घरातली माहिती. सून पुण्याची म्हटल्यावर शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

तेव्हाचे लष्करी आणि सरकारी पाद्री बाप्तिस्मे, लग्नं, दफनं नोंदवहीत लिहायचे आणि त्यांच्या नकला लंडनला जायच्या. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (लंडनमधून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या) दप्तरात आहेत, इलाख्यांप्रमाणे विभाग करून: एन १ बंगाल, एन २ मद्रास, एन ३ मुंबई. मुंबईच्या नोंदी १७०९पासूनच्या आहेत. फाइंडमायपास्ट या पूर्वज शोधायच्या साइटवर पैसे भरून मूळ पान दिसतं. फॅमिलीसर्च या दुसऱ्या साइटवर अनुक्रमणिका फुकट आहे, पण तिच्यात बापाचा हुद्दा नसतो, आणि माझी सगळी गंमत तिथेच होती.

आजोबांच्या नोंदीचं पान उघडलं. ठिकाण किरकी, म्हणजे आपली खडकी. बाप्तिस्मा फेब्रुवारी १८८९, जन्म डिसेंबर १८८७. मूल सव्वा वर्षाचं होईपर्यंत थांबले का, कोण जाणे. सासूबाईंच्या घरी बाप्तिस्म्याचीच तारीख वाढदिवस म्हणून चालत आली. मला नवल वाटलं नाही, आपल्याकडे अर्धी पिढी शाळेच्या दाखल्यावर १ जूनलाच जन्मलेली आहे. बापाच्या हुद्द्याच्या रकान्यात मात्र "गनर, रॉयल आर्टिलरी". मेजर नाही, साधा तोफखान्यातला शिपाई. सासूबाई म्हणाल्या, "पुढे बढती मिळाली असेल."

आता खरी अडचण. आईच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव. माहेरचं आडनाव नाही, कारण तो रकानाच नाही. माझ्या माहेरच्या वंशावळीत सात पिढ्या आहेत आणि एकाही बाईचं नाव नाही, तेव्हा या पाद्र्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. लग्नाच्या नोंदीत नवरानवरी दोघांच्या वडिलांची नावं असतात, म्हणून लग्न शोधायला घेतलं. मुंबईच्या अनुक्रमणिकेत १८८० ते १८८८ चाळून काढलं, हाती काही लागलं नाही. त्याच जोडप्याची थोरली मुलगी १८८६ची, कराचीची सापडली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळे ती एन ३मध्येच आहे. म्हणजे लग्न त्याआधीचं असणार.

इथल्या एका चर्चला दोन मेल केले, उत्तर नाही. लग्न कुठे शोधू? आणि बाई कॅथलिक असेल तर? नावं इथे टाकत नाही, हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

प्रतिसाद १

मुंबईत अडकू नका. तोफखान्याच्या बॅटऱ्या, म्हणजे तुकड्या, एका इलाख्यात बसून राहत नसत. लग्न बंगाल किंवा मद्रासच्या बाडात असू शकतं, आणि गडी हिंदुस्थानात येण्याआधी विलायतेतही झालेलं असू शकतं. शिवाय पलटणींच्या वेगळ्या नोंदवह्या होत्या. त्यांची जन्म-बाप्तिस्म्यांची अनुक्रमणिका १७६१ ते १९२४ची आहे आणि दाखला साऊथपोर्टच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून मागवता येतो.

शोधताना आडनाव गाळून बघा. नकला करणाऱ्यांनी नावांचं काय काय केलंय ते पाहिलं की हसू येतं. आणि मुख्य म्हणजे, बाई विधवा होती का ते तपासा. पटकी किंवा तापाने शिपाई मेला की बायकोला पलटणीचा शिधा थोडेच महिने मिळे, म्हणून पुष्कळजणी लगेच दुसरं लग्न करत. तसं असेल तर नोंदीत आडनाव पहिल्या नवऱ्याचं असेल, माहेरचं नाही. वडिलांच्या नावावरून मागे जावं लागेल. फिबिस नावाची संस्था फक्त ब्रिटिश हिंदुस्थानातली घराणीच शोधते, त्यांचा शोध फुकट आहे.

प्रतिसाद २

कॅथलिक असेल तर लंडनची नक्कल अपुरी असायची शक्यता जास्त, मूळ वही पॅरिशमध्येच बघावी लागेल. बाई स्थानिकही असू शकते. पुण्यात कॅथलिक काही इंग्रजांबरोबर आले नाहीत. नाना पेठेतल्या सिटी चर्चला जागा १७९२मध्ये सवाई माधवरावांच्या काळात मिळाली, ती पेशव्यांच्या चाकरीतल्या पोर्तुगीज आणि गोव्याच्या लोकांसाठी. आणि एक, खडकीत बाप्तिस्मा झाला म्हणून जन्म खडकीतच झाला असं धरू नका. मी खडकीतच राहतो. रविवारी चर्चमध्ये जाऊन विचारून येतो, मेलपेक्षा ते बरं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काल रात्री आडनाव गाळून फक्त दोघांची पहिली नावं टाकली आणि बंगालच्या बाडात १८८४ची एक नोंद निघाली, मीरतची. नवरा गनर, नवरीपुढे "विधवा". पान अजून उघडलेलं नाही, पैसे भरायचेत. विधवेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खडकीला जाणार असाल तर वर्ष १८८९, महिना फेब्रुवारी, बाकी व्यनित पाठवते. सासूबाईंना मीरतचं अजून सांगितलं नाही. त्यांचं अजून मेजरवरच अडलंय.