जॉन डीकन यांचा क्वीनच्या यशातील वाटा

प्रश्न : क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड म्हटला की पाचगणीत शिकलेले गायक फ्रेडी मर्क्युरी आणि गिटारवादक ब्रायन मे आठवतात, मग १९७१ मध्ये सामील झालेल्या अबोल बेस गिटारवादक जॉन डीकन यांचा यशातील वाटा कितपत मानावा?

उत्तर १ : फार मोठा. १९८० मध्ये अमेरिकेत अव्वल ठरलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे गीत त्यांचेच असून त्याचा सारा डोलारा बेसच्या आवर्तनावर उभा आहे.

उत्तर २ : इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर असलेल्या डीकन यांनी टाकाऊ सर्किटपासून बनवलेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधूनच मे यांनी गिटारचे वाद्यवृंदासारखे थर रचले, आणि याचे श्रेय डीकन यांना क्वचितच मिळते, याची मला मनापासून खंत वाटते.

उत्तर ३ : सहमत आहे. ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ हेही त्यांचेच.