चौघांच्या चमूने कुबरनेटिसच्या वाटेला जावे का?

पाणंद (धागाकर्ता)

आम्ही चौघे मिळून दूध संकलन केंद्रांसाठी सर्व्हर चालवतो. केंद्रावर कॅन रिकामा झाला की वजन, फॅट आणि एसएनएफचे (दुधातल्या फॅट सोडून इतर घन पदार्थांचे) आकडे आमच्याकडे येतात, दर ठरतो आणि उत्पादकाच्या हातात पावती पडते. हा सारा कारभार सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साधारण तेवढाच वेळ चालतो. दुपारी दोन वाजता सर्व्हर अर्धा तास बंद राहिला तर कोणाला पत्ताही लागत नाही. सकाळी सात वाजता पाच मिनिटे बंद राहिला तर केंद्राबाहेर कॅनची रांग लागते. म्हणूनच ‘९९.९ टक्के उपलब्धता’, म्हणजे तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटांची सूट, हे माप आमच्या उपयोगाचे नाही, कारण ती सगळी ४३ मिनिटे एकाच सकाळी खर्ची पडू शकतात.

आता अ‍ॅप कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह बांधलेल्या स्वतंत्र पेटीत, आहेच, तर असे कंटेनर अनेक यंत्रांवर आपोआप सांभाळणारी कुबरनेटिस ही प्रणालीही घ्या, असा आग्रह आम्हाला होत आहे. माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. तीन यंत्रांवर साध्या डॉकरमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या साधनात) अ‍ॅप, त्यांच्या पुढे विनंत्या वाटून देणारे दोन एचएप्रॉक्सी, त्या दोहोंमध्ये कीपअलाइव्हडीने फिरता ठेवलेला एक आयपी पत्ता (एक पडला की दुसऱ्याकडे जाणारा) आणि मागे पोस्टग्रेस या डेटाबेसची एक प्रायमरी (लेखन घेणारी मुख्य प्रत) व एक स्टँडबाय (राखीव प्रत), एवढी मांडणी आम्हाला पुरते. पहाटे काही बिघडले तर कोणत्या यंत्रावर जाऊन काय पाहायचे हे चौघांनाही तोंडपाठ आहे, आणि माझ्या लेखी ते भांडवल कोणत्याही प्रणालीपेक्षा मोठे आहे.

कृष्णाकाठ

असहमत. साधा डॉकर कोठे उघडा पडतो ते मी जवळून पाहिले आहे. पूर्वी मी जेथे काम करत असे तेथे एका सकाळी अ‍ॅपकडच्या डेटाबेस जोडण्या संपल्या. कंटेनरमधली प्रक्रिया जिवंत होती, यादीत कंटेनर ‘अप’ दिसत होता, आणि तरीही एकाही विनंतीला उत्तर मिळत नव्हते. डॉकरचे रीस्टार्टचे धोरण प्रक्रिया बंद पडली तरच कामाला येते. हेल्थचेक लिहिलेला असला तरी साधा डॉकर त्या कंटेनरवर ‘अनहेल्दी’ असा शिक्का मारून थांबतो, त्याला स्वतःहून पुन्हा सुरू करत नाही. कुबरनेटिसमध्ये रेडिनेस प्रोब (विनंत्या घ्यायला तयार आहे का, ही तपासणी) नापास झाला की त्या पॉडकडे (कंटेनर ज्यात चालतो त्या एककाकडे) जाणारी रहदारी थांबते, लाइव्हनेस प्रोब (प्रक्रिया धड चालू आहे का, ही तपासणी) नापास झाला की कंटेनर नव्याने उभा राहतो. २०१४ पासून असंख्य लोकांनी वापरून घासूनपुसून घेतलेली ही यंत्रणा बाजूला ठेवून तुम्ही तीच शेल स्क्रिप्टमध्ये (हाताने लिहिलेल्या आज्ञांच्या यादीत) पुन्हा लिहिणार, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला की ती स्क्रिप्ट कोण वाचणार?

पाणंद

स्क्रिप्टविषयीचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मला बोचतोही. मात्र रहदारी थांबवण्याचे काम आमच्याकडे एचएप्रॉक्सी करतोच: दर दोन सेकंदांनी विचारणा, सलग तीनदा नापास झाला की तो कंटेनर रांगेबाहेर. तो तेथे पडून राहिला तरी उरलेले दोन काम ओढतात.

उलट लाइव्हनेस प्रोबमध्ये डेटाबेसची चौकशी घालण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. डेटाबेस काही सेकंद मंदावला आणि सगळे पॉड एकाच वेळी नापास होऊन एकदमच रीस्टार्ट झाले. उठल्यावर सगळ्यांनी मिळून त्याच दमलेल्या डेटाबेसकडे नव्या जोडण्यांसाठी धाव घेतली. शिवाय यंत्र अचानक मेले तर त्यावरचे पॉड दुसरीकडे हलवण्याआधी कुबरनेटिस मूळ मांडणीत ३०० सेकंद वाट पाहतो. सकाळी सातची पाच मिनिटे म्हणजे काय, हे मी वर लिहिलेच आहे.

कृष्णाकाठ

पाच मिनिटांचा हा हिशेब अपुरा आहे. यंत्र ‘नॉट रेडी’ ठरताच, म्हणजे पाऊण-एक मिनिटात, त्यावरचे पॉड सेवेतून वगळले जातात आणि दुसऱ्या यंत्रांवरच्या प्रती काम चालू ठेवतात. ३०० सेकंद लागतात ते बदली पॉड उभे करण्याआधी. प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर पसरलेल्या असल्या, तर केंद्रावर बहुतेकांना काही जाणवणार नाही. लाइव्हनेसविषयी मात्र तुमचे म्हणणे रास्त आहे; त्यात प्रक्रियेची स्वतःची तब्येत तेवढी तपासावी.

नवी आवृत्ती चढवताना तुमच्याकडे काय घडते, हेही तपासा. डॉकरफाइलमधली (कंटेनर कसा बांधायचा हे सांगणाऱ्या फाइलमधली) शेवटची आज्ञा शेल स्वरूपात, म्हणजे शेल या मधल्या प्रोग्रामकरवी चालेल अशी, लिहिली असेल तर थांबण्याचा सिग्नल शेलकडेच अडकून राहतो, अ‍ॅपपर्यंत पोचत नाही, आणि दहा सेकंदांनी डॉकर त्याला चालत्या विनंत्यांसह मारून टाकतो.

पाणंद

आत्ताच पाहिले. आमची आज्ञा शेल स्वरूपातच होती. दुपारी आवृत्ती चढवत असल्यामुळे हे कधी उघडकीला आले नाही. मनापासून आभार.

डोंगरवाट

दोघेही कंटेनरवर बोलत आहात, पण जीव डेटाबेसमध्ये आहे. कंटेनर मेला तर दुसरा उभा राहतो. प्रायमरी मेली तर पावतीच निघत नाही. पाणंद यांनी स्टँडबाय ठेवली आहे, पण तिला प्रायमरी कोण करणार आणि किती वेळात, हे लिहिलेले नाही. पहाटे साडेपाचला फोन वाजून, माणूस उठून, लॅपटॉप उघडून आज्ञा देईपर्यंत वीस मिनिटे सहज जातात. म्हणून स्टँडबायला आपोआप प्रायमरी करणारे पट्रोनीसारखे साधन घ्यावे आणि त्याच्या मागे एट्सीडीची, म्हणजे प्रायमरी कोण याची एकमताने नोंद ठेवणाऱ्या साठ्याची, तीन यंत्रे असावीत. तीनच का, तर निर्णयाला बहुमत लागते: तिघांतला एक गेला तरी दोघांचे बहुमत उरते, दोघांतला एक गेला तर काहीच उरत नाही.

पाणंद

येथे मी ठामपणे विरोध करतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या दोन ठिकाणांमधला दुवा देखभालीच्या कामात केवळ ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस प्रायमरी करून टाकले, पूर्व किनाऱ्यावरची काही सेकंदांची लेखने तिकडे पोचलेलीच नव्हती, आणि दोन्हीकडची माहिती जुळवून सेवा पूर्ववत होईपर्यंत २४ तास ११ मिनिटे गेली. उत्पादकाच्या हातात पावती आहे आणि आमच्या वहीत नोंद नाही, असे एकदा जरी घडले तरी त्याचा आमच्यावरचा विश्वास उडेल. त्यापेक्षा वीस मिनिटांचा उशीर मी पत्करीन.

डोंगरवाट

त्या घटनेतून मी निराळा अर्थ काढतो. तेथे लेखन दुसऱ्या बाजूला पोचल्याची खात्री न होताच फेलओव्हर (राखीव प्रतीला प्रायमरी करणे) झाला. पोस्टग्रेसमध्ये दोन स्टँडबाय ठेवून ‘दोघींपैकी कोणत्याही एकीकडे नोंद पोचली की कमिट’ (म्हणजे लेखन पक्के) असा नियम लावता येतो. हा नियम दहाव्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. मग पावती छापली म्हणजे नोंद किमान दोन यंत्रांवर आहे, आणि एक स्टँडबाय बंद पडली म्हणून लेखनही अडत नाही. एकच स्टँडबाय ठेवून असा नियम लावलात तर ती पडताच प्रायमरी कमिटसाठी ताटकळत बसेल, हे मात्र ध्यानात ठेवा.

माळरान

केंद्रावरच्या संगणकाकडे कोणीच पाहिलेले दिसत नाही. आमच्या भागात सर्व्हर पडण्याच्या कितीतरी आधी गावातले नेट जाते. दरपत्रक केंद्रावर ठेवा, पावती तेथेच छापा, प्रत्येक नोंदीला केंद्रावरच एक वेगळा क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नोंद दुबार करू नये. मग फेलओव्हरला वीस मिनिटे लागली तरी कॅनची रांग लागणार नाही.

पाणंद

माळरान यांची सूचना आम्ही सर्वांत आधी हाती घेत आहोत. दुसरी स्टँडबायही घेत आहोत, मात्र फेलओव्हरची कळ सध्या माणसाच्याच हाती राहील. येत्या मंगळवारी दुपारी एक वाजता आम्ही प्रायमरीची वीज काढणार आहोत, आणि घड्याळ लावून आज्ञा देण्याचे काम आमच्यातल्या सर्वांत नव्या मुलीकडे दिले आहे. किती मिनिटे लागली ते येथेच लिहीन. आकडा दहाच्या वर गेला, तर डोंगरवाट यांच्याशी पट्रोनीविषयी पुन्हा बोलेन.