पाळी जातानाचा त्रास आणि हार्मोन्स: २००२ ची भीती अजून किती दिवस?

रानजाई
माझ्या मैत्रिणींत सध्या हाच विषय आहे. कुणाला रात्री घामाने भिजलेला गाऊन बदलावा लागतो, कुणाला वर्गात शिकवताना मानेपासून वाफ चढते आणि ओठावरचा शब्द निसटतो. डॉक्टरकडे गेलं की उत्तर ठरलेलं, "वय झालं, होणारच. कॅल्शियम घ्या, योगा करा." हार्मोन्सचं नाव काढलं की "कॅन्सर होतो त्याने" म्हणून विषय बंद.

ही धास्ती आली जुलै २००२ मध्ये. पाळी गेलेल्या बायकांना हार्मोन्स देऊन बघणाऱ्या, अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीचा एक भाग मध्येच थांबवला गेला. १६,००० वर बायका होत्या त्यात. बातमी झाली, स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला. त्याच निष्कर्षाचा दुसरा आकडा होता दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ रुग्ण जास्त. तो फारसा कुणी छापला नाही. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध होतं गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन, जोडीला प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनची कृत्रिम नक्कल. आज त्वचेवर लावायचं जेल मिळतं, शरीरातल्यासारखंच प्रोजेस्टेरॉन मिळतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेले धोक्याचे बहुतेक इशारे काढायचं जाहीर केलं.

माझं म्हणणं एवढंच की, त्रास असेल आणि मोठा आजार नसेल तर हा पर्याय डॉक्टरांनी आपणहून सांगावा. घ्यायचं की नाही ते ती बाई ठरवेल.

मंगल आजरेकर
मला हे पटत नाही. "आता सुरक्षित आहे" हे बायकांना पहिल्यांदा सांगितलं जात नाहीये. १९६० च्या दशकात अमेरिकेत इस्ट्रोजेन तारुण्य टिकवणारी गोळी म्हणून खपवलं. १९७५ मध्ये कळलं की त्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग अस्तर वाचवायला त्यात प्रोजेस्टिन घातलं, आणि २००२ मध्ये त्याच जोडगोळीचे तोटे दिसले. प्रत्येक वेळी आधी औषध खपलं, शहाणपण मागून आलं.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला २०१९ चा अभ्यासही बघा. पन्नाशीपासून पाच वर्षं रोज दोन्ही हार्मोन्स घेतली तर पुढच्या काळात साधारण दर ५० बायकांमागे एकीला जास्तीचा स्तनाचा कर्करोग. माझ्या थोरल्या बहिणीला हा आजार झाला, हार्मोन्स न घेताच. म्हणून ती 'एक' मला आकडा वाटत नाही. एफडीएनेही निर्णयाआधी नेहमीची सल्लागार समिती न बसवता निवडक तज्ज्ञांची चर्चा घेतली, त्यावर तिथल्याच डॉक्टरांनी टीका केली.

शब्दाली
शतावरी आणि सोयाबीनने माझ्या आईचं भागलं. आधी ते करून बघावं ना?

स्त्रीरोग_सांगली
शब्दाली, सोयाबीन जेवणात खुशाल असू द्या. पण चाचण्यांमध्ये गरम वाफांवर इस्ट्रोजेनइतका गुण दुसऱ्या कशानेच येत नाही.

मंगलताई, तुमचा इतिहास बरोबर आहे. लॅन्सेटचा आकडाही मी पेशंटला सांगते. पण तो दोन्ही हार्मोन्स रोज घेणाऱ्यांचा आहे. गर्भपिशवी काढलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देतात. त्या अमेरिकन चाचणीत या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, पक्षाघात मात्र वाढला. गोळीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, तसा जेल-पॅचने वाढलेला दिसत नाही. सुरुवात साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत करायची. तुमच्या बहिणीला मी कधीच देणार नाही. गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार झालेल्यांनाही नाही. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, तर आधी त्याचं कारण शोधायचं. आणि हृदयविकार टाळायला म्हणून ही औषधं घेऊ नयेत.

एक जाता जाता. योनीमार्गाचा कोरडेपणा, लघवीची जळजळ यांसाठी तिथेच लावायचं क्रीम असतं. ते रक्तात नगण्य उतरतं. बायका वर्षानुवर्षं सोसतात आणि नवऱ्यालाही सांगत नाहीत, त्यांनी निदान हे तरी विचारावं.

बालाघाट
मी बीडकडची, गावात आरोग्याचं काम करते. ताई, तुमची सगळी चर्चा पन्नाशीची चालली आहे. आमच्याकडे तिशीतल्या बाईची पिशवी काढलेली असते. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत फडावर जाता आलं नाही की खाडा पडतो आणि दंड उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांत, चढतो. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन.

पुढचं कुणी विचारत नाही. बीजांडकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचा सगळा बदल एका दिवसात होतो. नुसती पिशवी काढली तरी ते लवकर थकू शकतात. बत्तिसाव्या वर्षी वाफा, झोप नाही, कंबर धरलेली, आणि डोक्यावर उसाची मोळी. मी बायकांचे कागद बघते. एकीच्या कागदावर "पिशवी काढली" एवढंच होतं. बीजांडकोश ठेवले की काढले, कुठे लिहिलेलं नाही. तिलाही ठाऊक नाही. हार्मोन्स हा शब्द या बायकांपर्यंत पोचलेलाच नाही.

स्त्रीरोग_सांगली
हे फार महत्त्वाचं आहे. चाळिशीच्या आत बीजांडकोश गेले तर, कर्करोगासारखी अडचण नसल्यास, पाळी नैसर्गिकपणे गेली असती त्या वयापर्यंत हार्मोन्स द्यावीत हेच मान्य उपचार आहेत. त्या वयात शरीरात जे असायलाच हवं, ते आपण भरून देतो. नाही दिलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयविकार लवकर गाठतो. २००२ चे आकडे या बायकांना लावणं चूकच.

मंगल आजरेकर
बीडच्या बायकांना द्यायलाच हवीत, तिथे माझा विरोध नाही. पन्नाशीच्या बाईबद्दल मात्र मत तेच. आमच्या तालुक्यात मॅमोग्राफीचं यंत्र नाही. गोळी लिहून दिली जाईल, दर वर्षी तपासायचं कुणी? पुण्यातल्या मैत्रिणीला देखरेखीखाली मिळेल, इथली बाई मेडिकलमधून तीच पट्टी पुन्हा पुन्हा आणत राहील.

रानजाई
देखरेखीचं खरं आहे. पण तपासणीची सोय नाही म्हणून बाईला पर्यायच सांगायचा नाही, हे मला मान्य नाही. भारतात पाळी सरासरी ४६-४७ ला जाते, पाश्चात्य देशांपेक्षा चारेक वर्षं आधी. म्हणजे आपल्याकडे ऐन नोकरीत, मुलं दहावी-बारावीला असताना हे सुरू होतं. बालाघाट, त्या बाईचे बीजांडकोश आहेत की नाहीत ते आता कळू शकेल का?

स्त्रीरोग_सांगली
सोनोग्राफी आणि एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी केली की बराच अंदाज येतो. बालाघाट, तिला जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दाखवा, ऑपरेशनचा जो कागद असेल तो सोबत न्या, आणि गेल्यावर आधी हाच प्रश्न विचारा.