झोपाळ्यापलीकडचे शेजारी : तुमच्या बागेतले अनुभव लिहा

लेक साडेतीन वर्षांची होती तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी घराजवळच्या बागेत जायचो. घसरगुंडीवरून ती एकदाच उतरायची आणि मग तासभर घसरगुंडीच्या खाली बसून राहायची. तिथे पाऊस पोचत नाही, माती पिठासारखी कोरडी राहते. त्या मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे होते. मला वाटायचं, पोरांनी बोटं खुपसली असतील. एक दिवस एक मुंगी कडेवरून घसरली, तळातून मातीचा फवारा उडाला आणि ती दिसेनाशी झाली. खड्ड्याच्या तळाशी अळी दबा धरून बसते आणि सावज वर चढू नये म्हणून माती उडवते. कोषातून बाहेर येते तेव्हा तिला चतुरासारखे लांब पंख असतात. हे सगळं मला लेकीमागे तिथे गुडघ्यांवर बसल्यामुळे कळलं.

तुमच्या मुलांना, नातवंडांना बागेत असं कोण कोण भेटलं? सविस्तर लिहा. काही चुकलं असेल तर तेही लिहा, इतरांना उपयोग होईल.

* * *

आमच्या बाकामागच्या झुडपात शिंपी पक्ष्यानं घरटं केलं होतं, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर. पान कडेनं टोचून, कापसाच्या तंतूंनी शिवून द्रोण केलेला. नातवाला मी लांबूनच दाखवायचे. भीती होती ती कात्रीची, कारण कुंपणाची छाटणी त्याच आठवड्यात व्हायची होती. माळीकाकांना सांगितलं, तर त्यांनी त्या झुडपाला चिंधी बांधून ठेवली आणि दोन्ही बाजूंची छाटणी करून तेवढं झुडूप तसंच सोडलं. महिनाभर ते कुंपण वेडंवाकडं दिसत होतं. पिल्लं उडून गेली त्या दिवशी काकांनीच नातवाला हाक मारून रिकामं घरटं दाखवलं.

* * *

थोडं वेगळं, पण कामाचं. दुपारी चारच्या उन्हात घसरगुंडीवर मुलाला बसवलं आणि त्याच्या मांडीला चटका बसला. पत्र्याची तापते हे माहीत होतं, ही प्लॅस्टिकची होती. खालची रबरी फरशीसुद्धा अनवाणी पायांना सोसवत नाही. आता मी आधी हाताची मागची बाजू टेकवून बघतो. मला पाच सेकंद ठेवता आली नाही, तर मुलाला बसवत नाही.

* * *

चुकलेलंही लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

बागेत झोपाळ्याजवळ बुलबुलाचं पिल्लू सापडलं. अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड, धड उडता येत नव्हतं. मुली रडायला लागल्या, मी ते बुटांच्या खोक्यात घालून घरी आणलं. दूध-पाव भरवला. सकाळी ते मेलेलं होतं. नंतर एका जाणकार बाईंकडून कळलं, की पिसं फुटलेली पिल्लं उडायला शिकताना अशी खाली उतरतातच, आईबाप आसपास असतात आणि किडे आणून भरवत राहतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हेही खरं नाही. मांजर-कुत्र्याच्या वाटेत असेल, तर अलगद उचलून जवळच्या झुडपात ठेवायचं आणि आपण लांब जायचं, बस. त्या संध्याकाळी मी पाठ फिरवल्यावर दोन बुलबुल तारेवर बसून ओरडत होते. ते का ओरडताहेत हे मला तेव्हा समजलं नाही, आणि ते अजून विसरता आलेलं नाही.

* * *

आमच्याकडे धामण निघाली होती. वाळूच्या हौदाशेजारी आठ-दहा माणसं, दोघांच्या हातात काठ्या. मी मुलांना मागे घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं, कुणी पुढे जाऊ नका, तिला वाट द्या. ती धामणच आहे हे मला नंतर कळलं, तेव्हा खात्री नव्हती. पण लांब उभं राहायला साप ओळखता यावा लागत नाही. दोन मिनिटांत ती कुंपणातून निघून गेली. धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी. बाकांभोवती खरकटं पडलं की उंदीर येणार आणि त्यांच्यामागे साप. त्यामुळे आता डबा खाल्ला की सांडलेलं गोळा करायचं काम आमची पोरंच करतात.

* * *

माझ्या मुलाला गोंगाट सहन होत नाही. झोपाळ्यांच्या करकरीनं तो कान झाकून घेतो, त्यामुळे बागेत जाणं आम्ही जवळजवळ सोडलं होतं. मग मागच्या बाजूचा उंबर सापडला. तिथे तांबट बसतो. दिसायला चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. टुक, टुक, टुक, टुक, एकाच लयीत, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. मुलगा मोजायला लागला. पक्षी थांबला की हाही थांबायचा, त्यानं पुन्हा सुरू केलं की पुन्हा एकपासून. माझा मुलगा बाहेर, लोकांमध्ये, कान उघडे ठेवून बसला होता!

त्या झाडाची एक वाळकी फांदी पायवाटेवर आली होती, ती तोडायचं ठरलं. तोडायलाच हवी होती, खालून मुलं पळतात. पण तांबटाचं घरटं म्हणजे अशाच मेलेल्या, मऊ झालेल्या लाकडात कोरलेलं भोक. आम्ही चार पालक जाऊन बोललो. वाटेवरचा भाग कापला, खोडाजवळचा भोकाचा हातभर तुकडा ठेवला. बागेत गुलमोहर भरपूर आहेत, दिसतात सुंदर, पण ते मूळचे मादागास्करचे. तांबट उंबराची फळं खातो, तो उंबरावरच येणार. नवीन झाडं लावताना वड-उंबर मागा, एवढंच सगळ्यांना सांगणं आहे.

* * *

तांबटाचं वाचून लेकीला तो ऐकायचा आहे. आमच्या बागेत उंबर नाही. पण मागच्या भिंतीजवळ जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी आहे, दिवेलागणीला बाहेर येऊन मान खालीवर करत आमच्याकडे बघते. लेक आता सात वर्षांची आहे, तीही तशीच मान हलवते. त्या कोपऱ्यात मोठा दिवा बसवायचं चाललंय. खेळाच्या जागेवर उजेड हवाच, पण तो खाली, झोपाळ्यांवर पडावा, ढोलीवर नको, असा अर्ज मी लिहिला आहे. त्याच्या खाली लेकीनं पिंगळ्याचं चित्र काढून दिलंय. उद्या नेऊन देते.